भूक नसताना केलेली चोरी

इ. स. 370 च्या सुमाराची रात्र आहे. तुम्ही उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते या गावात आला आहात. आज इथे अल्जीरियातलं सूक अहरास शहर आहे. तेव्हा हा रोमन साम्राज्याचा एक डोंगराळ कोपरा होता. गाव झोपलं तरी रस्त्यात काही पोरांचा धुडगूस चालूच आहे. त्यांच्यातल्या सोळा वर्षांच्या एका मुलावर नजर ठेवा. त्याचं नाव ऑगस्टीन. बाप पॅट्रिसियस गावच्या सभेचा सभासद, पण घरात पैशाची ओढाताण. कार्थेजच्या शिक्षणाचा खर्च जमेपर्यंत मुलगा घरी रिकामा बसून आहे. आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती. बायकांच्या बाबतीत जपून राहा, असं तिने त्याला एकांतात बजावलं होतं. त्याने ते बायकी बोलणं म्हणून सोडून दिलं.

पोरं निघाली, तुम्हीही मागोमाग जा. ऑगस्टीनच्या घरच्या द्राक्षमळ्याजवळ नासपतीचं एक झाड आहे, दुसऱ्या कुणाचं तरी, फळांनी लगडलेलं. फांद्या गदागदा हलवल्या जातात, अंधारात फळं टपाटप पडतात. पायाशी आलेलं एक उचलून चावून बघा. दिसायला बेताचं, चवीलाही बेताचं. या मुलाच्या घरी याहून चांगली फळं आहेत. पोरं ओझी भरभरून फळं नेतात, एखाददुसऱ्याला दात लावतात आणि बाकीची डुकरांपुढे टाकतात. एवढंच घडतं.

पुढे हाच मुलगा हिप्पोचा बिशप झाला. चाळिशी उलटल्यावर त्याने ‘कन्फेशन्स’ हे आत्मनिवेदन लिहिलं, तेव्हा त्याच्या तेरा पुस्तकांपैकी दुसऱ्याचा मोठा भाग त्याने या एका रात्रीवर खर्च केला. अनेक वाचकांना हे अती वाटतं. तरुणपणी काय काय करून बसलेल्या माणसाने नासपतींसाठी एवढं रडावं का? मला वाटतं, त्याच्या सगळ्या विचाराची किल्ली इथेच आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात हव्वेने ज्या झाडाकडे पाहिलं, त्याचं फळ तिला खायला चांगलं, डोळ्यांना सुंदर आणि शहाणपण देणारं वाटलं होतं. तिच्या मोहाला निदान काही आधार होता. थागास्तेच्या झाडाकडे तेवढंही नव्हतं. भूक नव्हती, फळाला रूप नव्हतं. करू नये ते करण्याची गोडी तेवढी होती. बाई, पैसा, मानमरातब यांच्या मागे धावणारा माणूस म्हणू शकतो की मला ते हवं होतं. इथे हवं असण्यासारखं काही नव्हतंच. शिवाय एकटा असतो तर आपण हे केलंच नसतं, असंही तो कबूल करतो. ‘चला’ म्हणणारे चार जण जमले की नाही म्हणायची लाज वाटते. शाळेच्या मैदानापासून दंगलीच्या रस्त्यापर्यंत हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

कार्थेजमध्ये फार रेंगाळू नका. सतराव्या वर्षी तो तिथे येतो, एका स्त्रीबरोबर राहू लागतो, मुलगा होतो, त्याचं नाव अदेओदातुस. याच काळात तो मानी या इराणी प्रेषिताच्या पंथात शिरतो आणि नऊएक वर्षं त्यात राहतो. मानीच्या शिकवणीत प्रकाश आणि अंधार ही दोन वेगळी तत्त्वं आहेत आणि दोघांचं युद्ध माणसाच्या आत चाललेलं आहे. म्हणजे पाप घडलं तर ते ‘मी’ केलं असं होत नाही, माझ्यात शिरलेल्या अंधाराने केलं. बुद्धिमान तरुणाला यात मोठा दिलासा मिळाला. त्या वयात तो देवाकडे शुद्ध आचरण मागतही होता, पण देवाने ते लगेचच दिलं तर काय, या भीतीने मुदत वाढवून मागत होता. दोन्ही गोष्टी त्याने स्वतःच लिहून ठेवल्या आहेत.

आता समुद्र ओलांडून इटलीत या. इ. स. 384 मध्ये ऑगस्टीन मिलानला वक्तृत्वाचा सरकारी अध्यापक झाला. मिलानमध्ये तेव्हा सम्राटाचा दरबार होता. ही नोकरी म्हणजे वर जाण्याची शिडी. वर जायचं तर घराणेदार बायको हवी. लग्न ठरलं, पण मुलगी वयात यायला दोन वर्षं कमी होती. इतकी वर्षं सोबत राहिलेली ती आफ्रिकन स्त्री या लग्नाच्या आड येत होती, म्हणून तिला परत पाठवलं गेलं. मुलगा बापाकडे राहिला.

इथे थोडं थांबा. ती कोणत्या दिवशी निघाली, मुलगा तिच्याशी काय बोलला, याची कुठेही नोंद नाही. तिचं नावसुद्धा नाही. पापाचा इतका बारीक हिशेब लिहिणाऱ्या या माणसाने तिचं नाव लिहिलं नाही, हे मला आजही खुपतं. त्याने लिहिलं ते असं: तिला आपल्यापासून ओरबाडून काढल्यावर काळजाला जखम झाली आणि रक्त वाहत राहिलं, जाताना तिने देवाला शपथ वाहिली की यापुढे दुसऱ्या पुरुषाकडे जाणार नाही, आणि त्याला मात्र तिचं अनुकरण जमलं नाही. दोन वर्षं थांबवेना म्हणून त्याने दुसरी बाई ठेवली. ज्या संयमासाठी मिलानचा हा विद्वान तळमळत होता, तो एका निनावी स्त्रीला त्याच्या आधी लाभला.

इ. स. 386 चा ऑगस्ट. मिलानमधलं भाड्याचं घर, त्याला लागून लहानशी बाग. घरमालक इथे राहत नाही. ऑगस्टीन एकतीस वर्षांचा आहे, छातीच्या दुखण्याने आवाज बसू लागला आहे. सोबत थागास्तेचाच मित्र अलिपियुस. दरबारात मोठ्या हुद्द्यावर असलेला पोंतिकियान नावाचा आफ्रिकन गृहस्थ भेटायला आला आहे. तुम्ही कोपऱ्यात बसा. खेळाच्या मेजावर एक पुस्तक पडलेलं आहे. पोंतिकियान ते उचलून उघडतो. वक्तृत्वाचा ग्रंथ असेल असं त्याला वाटलं होतं. निघतात ती प्रेषित पौलाची पत्रं. त्याला आनंद होतो, बोलणं सुरू होतं. इजिप्तच्या वाळवंटातल्या संत अंतोनीची कथा तो सांगतो. मग त्रीर शहरातली हकीकत सांगतो. सम्राट शर्यती बघण्यात गुंतलेला असताना दोन अधिकारी फिरत फिरत एका झोपडीत शिरले. तिथे अंतोनीचं चरित्र हाती लागलं. वाचता वाचताच त्यांनी नोकरी सोडली आणि तिथेच राहिले.

ऑगस्टीनकडे बघा. पाहुणा बोलतो आहे आणि याचा चेहरा उतरत चालला आहे. पाहुणा गेल्यावर तो अलिपियुसवर जवळजवळ ओरडतोच: अडाणी माणसं उठून स्वर्ग जिंकून घेतात आणि आपण एवढी विद्या शिकून चिखलात लोळत बसलोय, अशा अर्थाचं काहीतरी. मग तो बागेत धावतो. अलिपियुस पाठोपाठ जातो. तुम्हीही जा, पण अंतर राखून.

तो केस उपटतो, कपाळ बडवतो, बोटं एकमेकांत गुंतवून गुडघे आवळतो. यातच त्याला एक विचित्र गोष्ट दिसते, आणि ती त्याने जितकी स्वच्छ मांडली तितकी त्याच्याआधी कुणी मांडल्याचं माझ्या वाचनात नाही. मनाने हाताला सांगितलं की हाल, तर हात हलतो. सांगणं आणि होणं यांत फट नसते. पण मनाने मनालाच सांगितलं की हे सोड, तर मन ऐकत नाही. सांगणारंही तेच, न ऐकणारंही तेच. मानीच्या पंथाचं उत्तर तयार होतं की आत दोन जण आहेत. ऑगस्टीन ते झिडकारतो. आत एकच माणूस आहे, तो मीच. मला पूर्णपणे हवंच नाहीये, म्हणून होत नाहीये. पहाटे जाग आलेला माणूस उठायला हवं हे मान्य करतो आणि ‘अजून जरा वेळ’ म्हणत कूस बदलतो, तसं आपलं चाललं होतं, असं त्याने लिहिलं आहे. जुन्या सवयी मागून पदर ओढतात, कानाशी कुजबुजतात: आम्हाला सोडणार? कायमचं? यानंतर हे कधीच नाही? मोहाचा आवाज मोठा नसतो. व्यसन सोडू पाहणाऱ्या कुणालाही विचारा, तो हाच ‘कधीच नाही’ चा प्रश्न सांगेल.

तो मित्रापासून दूर होऊन अंजिराच्या झाडाखाली कोसळतो आणि रडू लागतो. उद्या, उद्या, किती दिवस उद्या, आत्ता का नाही, असं काहीसं तो देवाला विचारतो आहे. तेवढ्यात शेजारच्या घरातून लहान मुलाचा आवाज येतो, मुलगा की मुलगी ते कळत नाही. उचलून वाचायला सांगणारे शब्द ते मूल पुन्हा पुन्हा गाऊन म्हणतं आहे. ऑगस्टीनचं रडणं थांबतं. मुलांच्या कुठल्या खेळात असे शब्द असतात का, हे तो आठवून बघतो, आठवत नाही. मग उठतो, अलिपियुसपाशी ठेवलेलं पौलाचं पुस्तक उचलतो आणि उघडलं जाईल तिथे वाचतो. रोमकरांस पत्र, तेरावा अध्याय. चैनबाजी, भांडणतंटा, हेवेदावे टाकून ख्रिस्ताला धारण करावं आणि देहाच्या वासनांची सोय बघत बसू नये, अशा आशयाचा मजकूर. तो वाक्याच्या शेवटाशी थांबतो. पुढे वाचायची गरज उरत नाही.

तुम्ही त्याच्या खांद्यावरून डोकावलात, तर त्या मजकुरात त्याला ठाऊक नव्हतं असं काहीच दिसणार नाही. हेच तो वर्षानुवर्षं आईकडून ऐकत होता. पौलाची पत्रं त्याने आधीच वाचलेली होती, मिलानच्या बिशप अँब्रोजची प्रवचनं रविवारी ऐकली होती. ज्ञानात काडीची भर पडली नाही. फरक पडला तो एवढाच, की जे करता येत नव्हतं ते आता करता येऊ लागलं. ख्रिस्ती श्रद्धा या गोष्टीला कृपा म्हणते. ती कमावलेली नसते. ऑगस्टीनची त्या दुपारची कमाई बघायची तर ती शून्य होती: केस उपटून झाले, निश्चय करून झाले, हरून झालं. अलिपियुस पुढचं वाक्य वाचतो, विश्वासात दुर्बळ असलेल्याला सामावून घ्यावं असं त्यात आहे. ते तो स्वतःला लावून घेतो, कसलीही तडफड न करता, शांतपणे. एकाच बागेत कृपा दोन तऱ्हांनी आली; रडारड ही तिची अट नाही. दोघं आत जाऊन मोनिकेला सांगतात. ती हरखून जाते.

आठ महिन्यांनी, इ. स. 387 च्या 24 आणि 25 एप्रिलमधली रात्र. पुनरुत्थानाच्या सणाचं जागरण. मिलानच्या अष्टकोनी बाप्तिस्मागृहात तुम्ही गर्दीत उभे आहात. ऑगस्टीन, पंधराएक वर्षांचा अदेओदातुस आणि अलिपियुस बाप्तिस्मा घेणार आहेत. उमेदवारांच्या कानांना आणि नाकाला स्पर्श केला जातो. ते सैतानाचा त्याग करतात आणि पूर्वेकडे वळतात. पाण्यात उतरल्यावर तीनदा प्रश्न, तीनदा विश्वासाचं उत्तर, तीनदा बुडणं. पाण्यातून वर आल्यावर त्यांचे पाय धुतले जातात. रोमच्या चर्चमध्ये ही रीत नाही हे अँब्रोजला माहीत आहे, तरी मिलानमध्ये तो ती सोडत नाही. ख्रिस्ताने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले होते. साम्राज्यातला नामांकित वक्ता इथे ओलेत्याने उभा आहे, आणि दुसरा कुणी पाय धूत असताना तो धुवू देण्यापलीकडे त्याला काही करायचं नाही. त्या अष्टकोनी कुंडाचे अवशेष आज मिलानच्या कॅथेड्रलखाली उतरून पाहता येतात.

इथे गोष्ट संपली असती तर ती सोपी झाली असती. मोनिका त्याच वर्षी ओस्तिया बंदरात वारली. अदेओदातुसही पुढे लवकरच गेला. ऑगस्टीन आफ्रिकेत परतला, आणि 391 मध्ये हिप्पोच्या लोकांनी त्याला धरून, त्याच्या मनाविरुद्ध धर्मगुरू व्हायला लावलं. आजचं अन्नाबा म्हणजे तेव्हाचं हिप्पो.

साधारण 400 साली त्याच्या घरी जा. बिशपमहाराज बसले आहेत, आणि भिंतीवरची पाल माश्या पकडते आहे. त्यांची नजर तिच्यावर खिळली आहे. कोळ्याच्या जाळ्यात माशी अडकली तरी तेच. प्रार्थना करायची सोडून आपण हे बघत बसतो, हे त्याने लिहून ठेवलं आहे. जेवताना भूक कुठे संपते आणि जिभेचे लाड कुठे सुरू होतात ते कळत नाही. देवळातलं गाणं ऐकताना शब्दांपेक्षा सुरांनीच मन हेलावतं. स्तुतीची हाव सोडली म्हणून लोकांनी स्तुती केली तर तीही गोड लागते. बागेतल्या त्या दिवसानंतर मोह संपले, असं तो कुठेही म्हणत नाही. एका बिशपने आपल्याच लोकांना हे वाचायला द्यावं, हे धाडस मला त्याच्या सगळ्या तत्त्वज्ञानाहून मोठं वाटतं.

याच आत्मपरीक्षणात एक प्रार्थना आहे. देवा, जे करायला सांगशील ते करण्याचं बळही तूच दे, असा तिचा आशय. रोममध्ये कुणा बिशपने ती पेलागियससमोर म्हणून दाखवली आणि पेलागियस भडकला. त्याच्या शेजारी बसून त्याचं नीट ऐका. हा ब्रिटनहून आलेला कडक आचरणाचा माणूस. रोमच्या ऐषारामी ख्रिस्ती कुटुंबांना तो शिस्त लावू पाहतो आहे. त्याचं म्हणणं असं: देव न्यायी आहे, जे जमणार नाही ते तो सांगणार नाही. माणसाला चांगलं-वाईट निवडण्याची ताकद दिलेली आहे. ‘कृपा मिळाली तर सुधारेन’ असं एकदा शिकवलंत, की आळशी माणसाला पळवाटच मिळाली. यात दम आहे. आपल्यापैकी बहुतेकांना हेच पटतं. शाळेत आपल्याला हेच शिकवतात.

ऑगस्टीनचं उत्तर बागेतून आलेलं आहे. ताकद होती तर तो दिवस तसा का गेला? ‘आम्हाला मोहात पडू देऊ नकोस’ अशा अर्थाची विनवणी ख्रिस्ताने स्वतः प्रार्थनेत शिकवली; ते आपल्याच हातात असतं तर मागायचं कशाला? आणि जो आपल्या बळावर सुधारला तो न सुधारलेल्याकडे कसा बघेल? हा शेवटचा प्रश्न माझ्या लेखी निर्णायक आहे. ज्याला सगळं मिळालेलं आहे, त्याला दुसऱ्याला तुच्छ मानता येत नाही. 418 मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलागियसची शिकवण नाकारली, रोमच्या झोसिमस पोपनेही ती धिक्कारली.

पण वादाच्या भरात ऑगस्टीन फार पुढे गेला. आदामाचं पाप प्रत्येक जन्मलेल्या जिवाला चिकटलेलं आहे, म्हणून बाप्तिस्म्याविना मेलेलं तान्हं मूलही दंडातून सुटत नाही, दंड फार तर सौम्य असेल, असं त्याने ठाम मांडलं. इथे मी त्याच्यासोबत जाऊ शकत नाही. कृपा इतकी मोकळी असेल तर ती पाळण्यापाशी अडणार नाही. शेकडो वर्षं किती आयांनी या शिकवणीचं ओझं वाहिलं असेल! 2007 मध्ये कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय धर्मतत्त्व आयोगाने अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगायला सबळ कारणं आहेत, असं प्रसिद्ध केलं.

शेवटचा मुक्काम, इ. स. 430 चा ऑगस्ट. व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला आहे. पंच्याहत्तर वर्षांचा बिशप तापाने अंथरुणाला खिळला आहे. मित्र आणि चरित्रकार पोसिदियुस याच शहरात आहे; इथे जे दिसतं ते त्याच्यामुळेच आपल्याला ठाऊक आहे. दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रं लिहून काढून पलंगासमोरच्या भिंतीवर लावली आहेत. ऑगस्टीन पडल्या पडल्या ती वाचतो आणि रडतो. शेवटचे दहाएक दिवस वैद्य येतील किंवा जेवण येईल तेवढ्याच वेळी दार उघडायचं, असं त्याने बजावलं आहे. तुम्हीही बाहेर थांबा. कृपेवर एवढं लिहिलेल्या माणसाला पश्चात्तापाची गरज संपल्यासारखी वाटली नाही. ख्रिस्ती माणसाने, बिशपनेसुद्धा, पश्चात्ताप केल्याशिवाय हे जग सोडू नये, असं तो आधीपासून म्हणत आला होता. 28 ऑगस्टला तो गेला. मृत्युपत्र केलं नाही, कारण मागे ठेवायला मालमत्ता नव्हती.

ऑगस्टीनच्या नावाचा एक संन्यासी संघ 1572 मध्ये गोव्यात आला. जुन्या गोव्याच्या टेकडीवर त्यांनी भव्य चर्च उभारलं. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने संन्यासी संघ बंद केले, चर्च ओस पडलं, 1842 मध्ये त्याचं छत कोसळलं. जांभ्या दगडाचा सुमारे 46 मीटर उंचीचा मनोरा अर्धा उभा आहे. गोव्याला गेलेल्या पुष्कळ मराठी कुटुंबांच्या अल्बममध्ये त्याचा फोटो असतो. ते चर्च ‘कृपेची माता’ या नावाने मरियेला वाहिलेलं होतं. पुन्हा तिकडे जाणार असाल, तर ‘कन्फेशन्स’चं आठवं पुस्तक आधी वाचून जा. एका बैठकीत होतं.